दिवा दिसला नाही म्हणजे घर ओसाड का?



आमच्या शाळेतील नववीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिच्या हातात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. चार घड्या घालून ते तिने कंपासपेटीत जपून ठेवले होते. मेंदूतील मरणाऱ्या पेशी वाचविण्यात शास्त्रज्ञांना यश आल्याची ती बातमी होती. "सर, हे औषध माझ्या आजीला का देत नाहीत?" तिने विचारले.

तिच्या आजीला अल्झायमरचा विकार आहे. आजी नातीला तिच्या आईच्या नावाने हाक मारते. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच, "मला आज कोणी वाढलेच नाही," म्हणून रुसून बसते. मी कात्रण वाचले. मथळ्यात मेंदू होता, यश होते, आशा होती. 'उंदीर' हा शब्द मात्र थेट तिसऱ्या परिच्छेदात होता.

"अगं, ते प्रयोग उंदरांवरचे आहेत," एवढे सांगून मी मोकळा झालो. मुलगी कात्रणाची घडी घालून निघून गेली. उत्तर खरे होते. पण पुरेसे नव्हते, हे मला त्याच दिवशी जाणवले. उंदरांच्या मेंदूत नेमके काय वाचले? ते वाचले हे कशावरून ठरविले? आणि उंदरांत जे वाचले ते माणसांत का वाचत नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे मी तिला द्यायला हवी होती. ती आज तुम्हां सर्वांना देतो. त्याबरोबर माझे एक मतही सांगणार आहे. ते पटते का ते पाहा. न पटल्यास वर्गात वाद घाला.

प्रथम थोडी उजळणी करू. चेतापेशीला शरीर असते आणि त्यातून निघणारा एक लांब तंतू असतो. हा तंतू दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचतो. तंतूतून विजेचा संदेश धावतो. पण दोन पेशींच्या मध्ये जी बारीक फट असते, ती बहुतेक ठिकाणी रसायनाच्या साहाय्याने ओलांडली जाते. हे पहिल्यांदा दाखविले ओटो ल्योवी या शास्त्रज्ञाने, १९२१ साली, ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे. त्याने बेडकांची दोन हृदये क्षारद्रवात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या चेतातंतूला विजेने डिवचले. हृदय मंदावले. मग त्याच्या भोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडला. तेही मंदावले! चेतातंतूने काहीतरी रसायन सोडले असले पाहिजे, हे उघड झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कामाबद्दल ल्योवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूतही ॲसिटिलकोलीनवर काम करणाऱ्या पेशींची एक यंत्रणा आहे. तिचे एक ठाणे मेंदूच्या मध्यभागी, पुढच्या बाजूला, सेप्टम नावाच्या लहानशा भागात आहे. तेथील पेशींचे तंतू एका जुडग्यातून हिप्पोकॅम्पस या भागाकडे जातात. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा. आकारावरून हे नाव पडले. आज सकाळी काय घडले हे लक्षात ठेवण्यासाठी आणि ओळखीच्या जागेत वाट सापडण्यासाठी हा भाग लागतो. १९७६ च्या सुमारास ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी अल्झायमरने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. ॲसिटिलकोलीन तयार करणारे विकर त्यांत फार कमी झालेले आढळले. ही यंत्रणा कशी कोसळते आणि तिला सावरता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून तातडीचा झाला.

आता प्रयोगाकडे वळू. पांढऱ्या उंदराला भूल देऊन सेप्टमकडून हिप्पोकॅम्पसकडे जाणारे ते जुडगे कापतात. पेशींच्या शरीराला हात लावीत नाहीत. फक्त त्यांचे तंतू तुटतात. बोटाला खोल जखम होऊन तेथील चेतातंतू तुटला तर तो हळूहळू, साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने, पुन्हा वाढू शकतो. मेंदूत मात्र तुटलेला तंतू आपोआप पूर्वीच्या ठिकाणी जाऊन पोहोचत नाही. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. दोनचार आठवड्यांनी सेप्टमचा पातळ काप घेऊन ॲसिटिलकोलीनशी संबंधित विकरे रंगवून पाहिली, तर कापलेल्या बाजूच्या निम्म्या किंवा त्याहूनही अधिक पेशी दिसेनाशा झालेल्या असतात. जखम तंतूला झाली आणि नुकसान पेशीपर्यंत पोहोचले.

असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना आपल्याला इटलीतील तुरीन शहरी जावे लागते. १९३८ साली तेथील सरकारने ज्यूविरोधी कायदे केले आणि रीटा लेव्ही-माँताल्चिनी या तरुण डॉक्टर बाईंना विद्यापीठात काम करणे अशक्य झाले. त्यांनी घरातील झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. कोंबडीच्या अंड्यांतील गर्भ हे त्यांचे साहित्य आणि शिवणाच्या सुयांना धार लावून केलेली हत्यारे ही त्यांची अवजारे! गर्भाच्या पंखाचा किंवा पायाचा अंकुर काढून टाकला तर तिकडे जाणाऱ्या चेतापेशी तयार होतात, पण पुढे मरतात, असे त्यांना दिसले. म्हणजे पेशीला आपल्या मुक्कामाच्या ठिकाणाहून काहीतरी मिळत असले पाहिजे. युद्धानंतर, १९४७ साली, त्या अमेरिकेत सेंट लुईस येथे गेल्या. तेथे स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर त्यांनी ते 'काहीतरी' शोधून काढले. ते एक प्रथिन निघाले. त्याला 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', थोडक्यात एन.जी.एफ., असे नाव मिळाले. आपण त्याला चेतावर्धक म्हणू. नवजात प्राण्यांत या प्रथिनाला निष्प्रभ करणारी रक्तलस टोचली, तर चेतासंस्थेच्या एका भागातील पेशी जवळजवळ नाहीशा होतात, हे त्यांनी १९६० साली दाखविले. दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाई १०३ वर्षे जगल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट आपल्या भाषेत सांगायची तर जुन्या काळचे कोकणातले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. घरचा कर्ता मुंबईला गिरणीत. दर महिन्याला त्याची मनीऑर्डर येते आणि घर चालते. चेतापेशीचे शरीर म्हणजे हे घर, लांब तंतू म्हणजे मुंबईचा रस्ता आणि चेतावर्धक म्हणजे मनीऑर्डर. रस्ता तुटला, मनीऑर्डर थांबली, की घराची परवड सुरू होते. मग तुटलेल्या रस्त्याऐवजी दुसऱ्या वाटेने पैसे पोहोचविले तर?

नेमका हाच प्रयोग १९८६ आणि १९८७ साली अमेरिकेतील निरनिराळ्या प्रयोगशाळांत झाला. फ्रांझ हेफ्टी यांनी, तसेच सॅन दिएगो येथील सिल्विओ व्हॅरॉन, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतू कापलेल्या उंदरांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीत बारीक नळीने चेतावर्धक सोडले. ज्या उंदरांना ते मिळाले नाही, त्यांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी दिसेनाशा झाल्या. ज्यांना मिळाले, त्यांच्यात घट अगदी थोडी होती. तंतू तुटलेलेच होते, तरी ॲसिटिलकोलीनच्या पेशी जागच्या जागी होत्या. मोठाच आनंदाचा शोध होता तो. 'मरणाऱ्या पेशी वाचविल्या' असे म्हटले गेले.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. वरच्या परिच्छेदात मी 'मेल्या' हा शब्द वापरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आले का? मी 'दिसेनाशा झाल्या' असे लिहिले. यात शब्दांचा खेळ नाही; सगळी मेख तेथेच आहे.

आपल्या कोकणातल्या गावाकडे परत येऊ. समजा, तुम्ही रात्री शेजारच्या टेकडीवर उभे राहून गावातील घरे मोजीत आहात. अंधारात घर दिसत नाही, दिवा दिसतो. तुम्ही दिवे मोजता आणि म्हणता, 'शंभर घरे.' मनीऑर्डरी थांबल्यावर महिन्याने पुन्हा मोजता. आता चाळीसच दिवे दिसतात. 'साठ कुटुंबे नाहीशी झाली!' असे तुम्ही वहीत लिहिले तर ते बरोबर ठरेल काय? रॉकेलला पैसे नाहीत म्हणून लोक अंधारात बसले असतील. भुकेने खंगले असतील. पण असतील घरातच.

सूक्ष्मदर्शकाखाली रंगविलेली पेशी म्हणजे हा दिवा आहे. आपण पेशी रंगवीत नाही, तिच्यातील विकर रंगवितो. पेशीने विकर तयार करणे थांबविले तर ती रंगत नाही. रंगली नाही, तर मोजणीत येत नाही. मोजणीत आली नाही, की 'मेली'.

ही शंका काही मंडळींनी त्या वेळीच घेतली आणि एक साधा, पण फार चतुर प्रयोग केला. तंतू कापल्यावर चेतावर्धक लगेच न देता मुद्दाम उशिरा द्यायचे. मेलेली पेशी औषधाने परत येत नाही. पेशी खरोखरच मेल्या असतील, तर उशिरा दिलेल्या औषधाचा उपयोग होता कामा नये. टेओ हाग, व्हॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली याचा निकाल प्रसिद्ध केला. काही आठवड्यांनी उशिरा चेतावर्धक दिले, तरी दिसेनाशा झालेल्या पेशींपैकी पुष्कळशा पुन्हा दिसू लागल्या! म्हणजे त्या गेल्याच नव्हत्या. आक्रसून, दिवा मालवून बसल्या होत्या.

मग वाद सुरू झाला. आणखी एक युक्ती वापरली गेली. तंतू कापण्याच्या आधीच हिप्पोकॅम्पसमध्ये चमकणारे रंगद्रव्य टोचायचे. तंतूंच्या टोकांतून ते उलट प्रवास करीत पेशीच्या शरीरात जाऊन साठते. आता पेशीने विकर बनविणे थांबविले, तरी ही खूण राहते. जणू प्रत्येक घराच्या कौलांवर आपण आधीच चुन्याने फुली मारून ठेवली. १९९० च्या सुमारास या रीतीने केलेल्या प्रयोगांतही सर्वांचे एकमत झाले नाही. काहींना अशा खुणेच्या पेशीही मोठ्या संख्येने नाहीशा झालेल्या आढळल्या. काहींना पुष्कळ पेशी जिवंत, पण सुकलेल्या आढळल्या. आज आपण एवढे खात्रीने म्हणू शकतो की रंग न लागलेली प्रत्येक पेशी मेलेली नसते. काही पेशी मरतात आणि काही नुसत्या गप्प बसतात. या दोन गटांना वेगळे करण्यासाठी एकच मोजणी पुरत नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, मेली काय आणि गप्प बसली काय, काम तर बंदच पडले ना?" नाही, मित्रांनो. फरक फार मोठा आहे. पेशी मरणार असेल, तर औषध जखमेनंतर लगोलग दिले पाहिजे. उशीर झाला की सारे संपले. ती गप्प बसली असेल, तर तिला जागे करायला आठवडे हाताशी आहेत. अपघातात डोक्याला मार लागून चार दिवसांनी मोठ्या रुग्णालयात पोहोचणारा खेड्यातला माणूस आठवा. त्याच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी आहे काय?

आता माणसाकडे येऊ, म्हणजे त्या आजीकडे. चेतावर्धक हे मोठ्या आकाराचे प्रथिन आहे. गोळीतून घेतले तर पोटात पचून जाईल. सुईने रक्तात सोडले तर मेंदूभोवतीची सूक्ष्म गाळणी त्याला आत जाऊ देणार नाही. म्हणून कवटीतून वाट काढावी लागते. स्वीडनमध्ये १९९० नंतरच्या दशकात तीन अल्झायमर रुग्णांच्या मेंदूतील पोकळीत ते सोडून पाहिले. पाठीत वेदना होऊ लागल्या, वजन घटले. उपचार थांबवावे लागले. उंदराने पाठ दुखते असे सांगितले नव्हते!

मग अमेरिकेत मार्क तुशिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग काढला. चेतावर्धक बनविणारे जनुकच मेंदूत नेऊन ठेवायचे. आठ रुग्णांवरील पहिला अहवाल २००५ साली आला. त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी हालचाल झाल्यामुळे दोन रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, त्यांपैकी एक पुढे दगावला. पण इतरांची घसरण मंदावल्यासारखी वाटली. आशा वाढल्या. पुढे ४९ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. निम्म्या रुग्णांवर खरी शस्त्रक्रिया, उरलेल्यांवर नुसता देखावा. आणि कोणावर काय केले हे रुग्णांना ठाऊक नाही. २०१८ साली निकाल जाहीर झाला. दोन्ही गटांत फरक नव्हता. उपचार सुरक्षित ठरला, पण निरुपयोगी.

निरुपयोगी? पुन्हा थांबा! चाचणीतील काही रुग्ण पुढे वारले, तेव्हा त्यांच्या मेंदूंची तपासणी झाली. तिचा अहवाल २०२० साली आला. चेतावर्धक ज्या पेशींसाठी होते, त्या पेशींपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. उंदराचा मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा, माणसाचा सुमारे तेराशे ग्रॅमचा. औषध दोनतीन मिलिमीटर पसरले तर उंदरात बरेच अंतर कापून होते. माणसात ते मुक्कामाच्या अलीकडेच अडकते. म्हणजे या चाचणीने औषध हरले असे सिद्ध झाले नाही. ते जिंकेल असेही सिद्ध झाले नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की पाठविलेली मनीऑर्डर घरी पोचली की नाही हे पाहिल्यावाचून घरातल्यांना नावे ठेवू नयेत.

उंदरांच्या प्रयोगात घाईने 'मेल्या' म्हटले गेले आणि माणसांच्या चाचणीत 'निरुपयोगी' म्हणण्याची घाई होऊ शकली असती. दोन्ही ठिकाणी चुकीची जागा एकच आहे. आपण जे मोजले आणि आपण जे म्हणालो, त्यांत अंतर पडते.

दुसरे एक कारणही विसरता येणार नाही. उंदराच्या मेंदूत आपण एका दिवशी, एका जागी, स्वच्छ काप घेतो. अल्झायमर असा एका दिवसात होत नाही. तो वर्षानुवर्षे, निरनिराळ्या भागांत, निरनिराळ्या पेशींत पसरत जातो. ॲसिटिलकोलीनची यंत्रणा हा त्याचा एक भाग आहे, सगळा रोग नव्हे. उंदराच्या प्रयोगाने तुटलेल्या तंतूच्या पेशीला आधार देता येतो हे शिकविले. रोग बरा होतो असे त्याने कधीच म्हटले नव्हते. ते मथळ्याने म्हटले.

आता माझे मत सांगतो.

उंदरांवरील प्रयोगांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, "मुक्या प्राण्यांचे हाल करून काय मिळविले? माणसाला तर उपयोग नाहीच." दुसरे म्हणते, "माणसाचे प्राण वाचायचे तर उंदरांचा हिशेब कशाला?" मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याला मी सांगेन, की चेतावर्धकाचे ज्ञान वाया गेलेले नाही. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे चेतातंतू निकामी झाले, की तेथे न भरणारी जखम होते. त्यावर चेतावर्धकाचेच थेंब औषध म्हणून युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. कोंबडीच्या अंड्यापासून निघालेली वाट माणसाच्या डोळ्यापर्यंत पोहोचली आहे. तेथे ती लवकर पोहोचली याचे कारणही उघड आहे: डोळ्यावर थेंब टाकायला कवटी उघडावी लागत नाही.

दुसऱ्या मताला मात्र मी अधिक कडक उत्तर देईन. उंदराचा हिशेब ठेवलाच पाहिजे, आणि तो केवळ दयेपोटी नव्हे. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग घ्या, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांचा त्रास कमी करा. आपल्या देशातही प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा १९६० साली झाला आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यात आहे. हे सर्व योग्यच आहे. पण या तीन गोष्टींत मी एक चौथी घालू इच्छितो: ज्या प्राण्याचा जीव घेतला, त्याच्यापासून मिळालेले उत्तर आहे तेवढेच सांगा, ते फुगवू नका. 'रंगलेल्या पेशी कमी झाल्या' असे दिसले असता 'मेल्या' असे लिहिले, तर पुढचे प्रयोग चुकीच्या पायावर उभे राहतात. त्यात आणखी उंदीर जातात, आणखी वर्षे जातात. फुगविलेला निष्कर्ष हा प्रयोगशाळेतील सर्वांत महागडा आणि सर्वांत क्रूर पदार्थ आहे, असे मला वाटते. त्याची किंमत आधी उंदीर देतो आणि नंतर कंपासपेटीत कात्रण जपणारी मुलगी देते.

यावर कोणी म्हणेल, "वर्तमानपत्रातील मथळा लहानच असायचा. सगळे बारकावे त्यात कसे बसणार?" मान्य. पण 'उंदरांत' हा शब्द चार अक्षरांचा आहे. तो मथळ्यात बसतो. तो नसेल, तर मथळा लहान नाही, अपुरा आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यालाही यात वाटा उचलता येईल. विज्ञानाच्या तासाला महिन्यातून एकदा एखादे कात्रण वर्गात वाचावे आणि मुलांना चारच प्रश्न विचारावेत. प्रयोग कोणावर झाला? प्रत्यक्ष काय मोजले? मोजलेल्या गोष्टीवरून जे म्हटले आहे, ते आणखी कोणत्या कारणाने घडू शकेल? आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गट होता का? यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पैसा लागत नाही. उंदीर तर मुळीच लागत नाही.

आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या सूक्ष्मदर्शकाशी बसाल, तेव्हा काचेखाली जे दिसत नाही त्याबद्दल बोलण्याआधी टेकडीवरून दिवे मोजणारा तो माणूस आठवा. वहीत 'साठ कुटुंबे नाहीशी' असे लिहू नका. 'साठ दिवे दिसले नाहीत' असे लिहा. मग खाली उतरा आणि दार ठोठावून पाहा.

त्या मुलीला मी आठवड्याने पुन्हा बोलाविले आणि हे सगळे सांगितले. तिच्या आजीसाठी चेतावर्धकाचे औषध आज नाही, हेही स्पष्ट सांगितले. खोटी आशा देण्याचा मला अधिकार नव्हता. ती सगळे शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "सर, म्हणजे आजीच्या काही पेशी नुसत्या गप्प बसल्या असतील का?"

मी म्हणालो, "असतील. काही खरोखर गेल्या असतील आणि काही गप्प असतील. कोणत्या किती, हे जिवंत माणसाच्या मेंदूत नेमके मोजण्याची रीत शोधायची आहे."

तिने कात्रण पुन्हा कंपासपेटीत ठेवले. पण त्याआधी पेन्सिलीने मथळ्याच्या अलीकडे एक शब्द लिहिला: 'उंदरांत'.